सव्वा सेकंदाचा हात

त्या दिवशी भुवईची पेन्सिल संपली होती, एवढंच. एरवी मी डाव्या भुवईतला पांढरा पट्टा रोज सकाळी न चुकता काळा करते. जन्मापासूनचा आहे, बोटभर रुंद, आणि तो उघडा ठेवून दुकानात गेलं की लोक बोलताना डोळ्यांकडे न बघता भुवईकडे बघतात. चष्म्याच्या दुकानात हे फार गैरसोयीचं. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं तर गिऱ्हाइकानं सरळ समोर बघायला हवं. समोरचे गृहस्थ बघत नव्हते. सत्तरीचे असतील, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, जुना चष्मा एका बाजूला तारेनं बांधलेला. मी पट्टी त्यांच्या नाकावर धरली आणि म्हटलं, "माझ्या कानाकडे बघा." ते भुवईकडेच बघत राहिले. पुन्हा म्हटलं, तरी तेच. मग ते अगदी हळू, देवळात बोलावं तसं म्हणाले, "चुकलेला मजला." माझ्या हातातली पट्टी त्यांच्या नाकावरून घसरली. सत्तेचाळीस वर्षांत ही दोन नावं, म्हणजे त्या सिनेमाचं आणि माझं, कुणी एकत्र जोडलेली नव्हती. माझ्या नवऱ्यालाही मी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगण्याचा प्रश्न नाही, कारण तो नवरा राहिलेला नाही. मी म्हटलं, "काय म्हणालात?" ते म्हणाले, "तुम्ही लिफ्टमधली मुलगी. आम्ही तुम्हाला बारा वर्षं शोधतोय हो."

शोधतोय हे ऐकून मी आधी दाराकडे बघितलं. शोधणारी माणसं म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर वर्दी येते. पण हे गृहस्थ विजेचे मीटर तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले होते आणि त्यांच्या घरात माणसं कमी आणि सिनेमाची रिळं जास्त होती. मित्रमंडळीत त्यांना रीळवाले म्हणत, त्यांनीच तसं सांगितलं, अभिमानानं. त्यांच्यासारखे तीस-पस्तीस जण होते. कुणी दाताचा डॉक्टर, कुणी बँकेतली बाई, एक शाळेतला गणिताचा मास्तर. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत ही मंडळी जमून कुणालाच न आठवणारे सिनेमे बघत. त्यातला सगळ्यांत लाडका 'चुकलेला मजला'. मी विचारलं, "का पण? नऊ दिवसांत उतरला होता तो." रीळवाले खूश झाले. म्हणाले, "म्हणूनच. गाजलेल्या सिनेमाला सगळं जग सांभाळतं. पडलेल्याला कोण आहे? मूळ निगेटिव्ह गोदामात जळून गेलं. चार प्रती उरल्या, त्यातली एक माझ्या कपाटात, आणि त्यातही शेवटून दुसरं रीळ नाही. नायक आणि नायिकेचं भांडण मिटतं कसं, हे आम्हाला अजून माहीत नाही. दर खेपेला आम्ही वेगवेगळं ठरवतो." मी त्यांचं अंतर मोजलं, एकसष्ट मिलिमीटर. पावती केली. चष्मा दहा दिवसांनी मिळेल म्हणून सांगितलं. दारात उभं राहून ते म्हणाले, "येत्या रविवारी लावतोय. तुम्ही यावं अशी विनंती आहे. लिफ्टमधलं तुमचं रडणं... सहा वर्षांची मुलगी असं काम करते, विश्वास बसत नाही. आम्ही हसून हसून मरतो."

ते गेल्यावर मी एका फ्रेमचा स्क्रू पिळत बसले आणि तो पिळता पिळता तुटला. काम म्हणजे काय, हे मला त्या वयात ठाऊकच नव्हतं. आई त्या सिनेमाच्या कपडेपटात शिवणकाम करायची. वडील मी तीन वर्षांची असताना गेले, त्यानंतर आईनं मिळेल तिथं मशीन चालवलं आणि मला मशीनखाली बसवून ठेवलं. तिचा पाय पायडलवर वरखाली व्हायचा आणि मी त्या पायाच्या तालावर चिंध्यांच्या बाहुल्या करायची. सिनेमासाठी ठरलेली मुलगी गोवर येऊन आजारी पडली आणि दाढीवाल्या दिग्दर्शकानं मशीनखाली वाकून बघितलं. सिनेमाची गोष्ट अगदी साधी होती. एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवणारी एक तरुणी आणि खेळण्यांच्या विभागातला एक विक्रेता. दुकानात एक मूल हरवतं. तिला वाटतं, मूल त्याचं. त्याला वाटतं, मूल तिचं. दोघंही इतके भिडस्त की विचारत नाहीत, आणि मुलीला पुन्हा पुन्हा वरखाली नेत राहतात. यातलं मला तेव्हा काही कळलं नव्हतं. लक्षात राहिला तो माझा स्वेटर काढून अंगात घातलेला दुसरा, टोचणारा लोकरी स्वेटर, दिव्यांचा भाजका उजेड, आणि दाढीवाल्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास. तो माझ्यापुढे उकिडवा बसला होता. त्यानं दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले आणि म्हणाला, "हे बघ, तुझी आई निघून गेली. आता ती यायची नाही. तू आता इथंच राहायचंस." मी इकडे तिकडे बघितलं. लिफ्टचं जाळीचं दार बंद झालं. पुढचं मला आठवत नाही, फक्त घसा दुखला होता ते आठवतं. नंतर आई आली. ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसलं. मी विचारलं, कुठं गेली होतीस? ती म्हणाली, "जरा बाहेर गेले होते."

जरा बाहेर. हे दोन शब्द मी आयुष्यभर खिशात घेऊन हिंडले. दुकानातून मी घरी दोनदा फोन करते, बाराला आणि चारला. आई उचलते, "आहे," म्हणते आणि ठेवते. एवढंच बोलणं. लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या येण्याच्या वेळा मला तोंडपाठ होत्या. वीस मिनिटं उशीर झाला की मी गॅलरीत, चाळीस मिनिटं झाली की रस्त्यावर. तो वाईट माणूस नव्हता. सहा वर्षं त्यानं सोसलं. एकदा बसच्या थांब्यावर मला उभी बघून तो खाली उतरला आणि शांतपणे म्हणाला, "तुला नवरा नकोय गं. तुला हजेरी घ्यायचीय." त्यानंतर पाच महिन्यांनी तो सोडून गेला, आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. ज्याची वाट बघत होते ते एकदाचं झालं होतं. मी आईकडे परत आले. आईनं काही विचारलं नाही, पलंगावरची शिवणाची गाठोडी उचलून माझ्यासाठी जागा केली.

रविवारी मी गेले. जावं की नाही असं काही फार चाललं नव्हतं मनात, पेन्सिल विकत घेतली होती तरी लावली नाही, एवढंच. खोलीत पडदे ओढलेले होते आणि व्हिनेगरसारखा आंबट वास होता. जुनी फिल्म आतून कुजायला लागली की असा वास येतो, रीळवाल्यांनी सांगितलं, जणू घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं पथ्य सांगावं तसं. मी आत आले तेव्हा सगळे उभे राहिले. बँकेतल्या बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. गणिताच्या मास्तरांनी माझी भुवई अगदी जवळून बघितली आणि 'खरीच आहे' असं इतरांना सांगितलं. मला हसू येत होतं आणि पळूनही जावंसं वाटत होतं. मग दिवे गेले, प्रोजेक्टर घरघरायला लागला. रंग उडून सगळा सिनेमा गुलाबी झाला होता. गुलाबी रस्ते, गुलाबी जिने, नायकाचे दात गुलाबी. लोकांना एकूण एक वाक्य पाठ. नायक खेळण्यातलं माकड उलटं धरून गिऱ्हाइकाला किंमत सांगतो तिथं ते आधीच हसले. दांड्याला टांगलेल्या माइकची सावली भिंतीवरून गेली तेव्हा टाळ्या पडल्या. नायिकेच्या डाव्या कानातलं डूल एका दृश्यात उजव्या कानात होतं, तिथं सगळ्यांनी मिळून "डूल!" असा गजर केला. चुका त्यांना पाठ होत्या आणि चुकांवरच त्यांचं जास्त प्रेम होतं. आणि मग लिफ्ट आली. तीन बाजूंनी पितळी कठडा, मागे आरसा, पुढे जाळीचं दार, मधोमध ती. लहान, गोल, मख्ख चेहऱ्याची मुलगी. तिनं इकडे तिकडे बघितलं. दार बंद झालं. मग तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, नाक पसरलं, आणि तिनं असा भोंगा लावला की लिफ्टवाली आणि विक्रेता दोघंही दोन भिंतींना जाऊन चिकटले. खोली हसून फुटली. दाताच्या डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी खुर्चीचे हात धरून बसले. माझा घसा दुखायला लागला होता.

दिवे लागल्यावर चहा आला आणि रीळवाले म्हणाले, "आता हाताचा प्रश्न." सगळे खुर्च्या ओढून जवळ आले. मला कळेना, कुणाचा हात? मास्तरांनी समजावलं. मुलगी रडायला लागते तेव्हा मागच्या आरशाच्या कडेला कुणाचा तरी हात दिसतो, सव्वा सेकंद. दाराच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा. कुणाचा, यावर बारा वर्षं वाद होता. मास्तरांच्या मते नायिकेच्या बहिणीचा. डॉक्टरांच्या मते तो बाईचा हातच नव्हे. बँकेतल्या बाई म्हणायच्या, दिग्दर्शकाच्या प्रेयसीचा, आणि या एका मुद्द्यावर त्या मास्तरांशी दोन महिने बोलल्या नव्हत्या. प्रोजेक्टर मध्येच थांबवला तर दिव्याच्या उष्णतेनं फिल्म जळते, म्हणून रीळवाल्यांनी तेवढ्या चौकटीचा मोठा फोटो करून घेतला होता. तो हातोहात फिरत माझ्याकडे आला. "तुम्ही तिथं होतात," सगळे म्हणाले, "तुम्हाला आठवत असेल." फोटोत माझं आ वासलेलं तोंड होतं, आणि आरशाच्या कडेला मनगटापासून पुढे एक हात. हातात लहान मुलाचा स्वेटर, घट्ट मुठीत. मनगटावर पुरुषी घड्याळ, पण तबकडी आतल्या बाजूला वळवलेली. शिवताना काच मशीनवर आपटून चरे पडतात, म्हणून माझ्या वडिलांचं घड्याळ अशा तऱ्हेनं घालणारी बाई मला एकच माहीत होती. मी फोटो पुढच्या माणसाला दिला आणि म्हटलं, "मी फार लहान होते हो." सगळे निराश झाले, पण फार नाही. प्रश्न जिवंत राहिला याचं त्यांना बरंच वाटलं असावं.

घरी आले तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. आई खिडकीपाशी बसून एका जुन्या परकराची शिवण उसवत होती. एक्याऐंशी वर्षांची आहे, गुडघे गेलेत, पण हात चालतात. मी चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच विचारलं, "लिफ्टच्या त्या सीनला तू कुठं होतीस?"

"कुठल्या लिफ्टच्या?"

"सिनेमातल्या."

"अगं बाई. अजून कुणाला आठवतो तो सिनेमा?"

"तू म्हणाली होतीस, जरा बाहेर गेले होते."

"म्हणाले असेन."

"आरशात तुझा हात दिसतो, आई."

तिनं उसवणं थांबवलं आणि आपला हात उलटासुलटा करून बघितला, जणू त्यावर काही डाग पडलाय. "दिसतो? म्हणजे त्या कॅमेरावाल्यानं चूकच केली. मी त्याला म्हटलं होतं, मी आरशात येतेय म्हणून. बायकांचं ऐकतंय कोण!"

मी खाली बसले. म्हटलं, "म्हणजे तू तिथंच होतीस. दोन हातांवर. आणि तो मला सांगत होता, तुझी आई गेली. त्या दाढीवाल्याला असलं सुचलं तरी कसं?"

"त्याला काय सुचतंय. मीच सांगितलं."

आईच्या बोलण्यात लपवाछपवी कधीच नव्हती. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं तिचं आयुष्यभर चालत आलेलं. ती पुन्हा उसवायला लागली आणि बोलत राहिली. अकरा वेळा घेतला होता तो सीन. डोळ्यांत औषध घातलं तर मी नुसती शिंकायची. चिमटा काढला तर चिमटा काढणाऱ्याकडे टक लावून बघायची. दाढीवाला म्हणाला, हिची बाहुली मोडू. "मी म्हटलं, बाहुलीला ती रडायची नाही, दुसरी करेल. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी जसा काही दगड जन्माला घातलाय. मग मी म्हटलं, तिला सांगा आई गेली म्हणून."

"मी त्यानं रडेन, हे बरं ठाऊक होतं तुला?"

"ठाऊक कुठं होतं?" आई म्हणाली. "बघायचं होतं."

तिनं दोरा दातानं तोडला. "तुझे वडील गेले तेव्हा तू रडली नव्हतीस. सगळं घर रडत होतं आणि तू चपला मोजत होतीस. दाराशी आलेल्या माणसांच्या चपला. तीन वर्षांची होतीस, तुला काय कळणार, हे मला कळत होतं. पण रात्रीची मी तुझ्याकडे बघायची आणि वाटायचं, मी गेले तरी ही अशीच चपला मोजत बसेल. माझं असं कोण होतं गं तेव्हा? मागे कुणी रडेल असं?"

"मग?"

"मग काय. रडलीस की." आणि ती हसली. खाली मान घालून, स्वतःशीच. सत्तेचाळीस वर्षं जपून ठेवलेलं ते हसू होतं. "केवढी रडलीस! मला आत यायचं होतं, पण सीन चालू होता."

राग यायला हवा होता, आणि तो आलाही. पण कुठं ठेवावा ते कळेना, पाहुण्याच्या हातातल्या मोठ्या पिशवीसारखा. मी उठून भांडी घासायला घेतली, घासलेलीही पुन्हा घासली. मी सहा वर्षांची होते, ती चौतीसची. आज माझ्या दुकानात चौतीस वर्षांच्या मुली येतात, त्यांना फ्रेम निवडता येत नाही, आरशात बघून विचारतात, मला हे शोभतंय का हो? मी त्यांना पोरी म्हणते. तशी एक पोर त्या दिवशी कॅमेऱ्याच्या शेजारी माझा स्वेटर मुठीत आवळून उभी होती आणि आपल्यासाठी कुणी रडतंय का ते बघत होती. तिला हवं ते मिळालं. ते मिळाल्यावर आपण काय मोडलं हे तिला कळलं नाही. आणि कळलं असतं तरी तिनं ते पुन्हा केलं असतं, असं मला भांडी घासताना स्वच्छ वाटलं. सोमवारी मी बारा वाजता फोन करायला विसरले. चारलाही. घरी आल्यावर आई म्हणाली, "आज फोन नाही?" मी म्हटलं, "गर्दी होती." गर्दी नव्हती.

आठवडाभरानं रीळवाले चष्मा न्यायला आले. मी त्यांच्या कानामागची दांडी गरम करून वाकवली, नाकावरची पॅडं नीट बसवली, आणि ते आरशात बघत असताना म्हटलं, "तो हात कपडेपटातल्या शिवणाऱ्या बाईचा आहे." त्यांनी झटकन खिशातून वही काढली. "नाव आठवतंय?" मी आईचं पूर्ण नाव सांगितलं. सिनेमाच्या नावांच्या पाटीत ते कुठंच नाही. त्यांनी दोनदा विचारून, एकेक अक्षर बघून लिहून घेतलं. मग पेन थांबलं. "तुमच्या ओळखीच्या?" मी म्हटलं, "आई माझी." आणि एकदा तोंड उघडलं म्हणून बाकीचंही सांगितलं, सरळ, नंबर सांगावा तसं. ते रडणं काम नव्हतं. मला काय सांगितलं होतं, कुणी सुचवलं होतं, सगळं. ऐकता ऐकता त्या भल्या माणसाचा चेहरा उतरला. नव्या चष्म्यातून त्यांचे डोळे फार मोठे दिसत होते. "आम्ही हसायचो हो," ते म्हणाले. "शंभर वेळा हसलो असू." मी म्हटलं, "त्यात तुमचं काय चुकलं?" पण ते पावती न घेताच गेले.

पुढच्या खेपेला मी आईला विचारलं, येतेस का? तुझं नाव आता त्यांच्या यादीत आहे, सगळे उभे राहतील. ती म्हणाली, "मला काय करायचंय? मी बघितलंय ते. तिथूनच बघितलंय." मग मी एकटीच गेले. रीळवाल्यांनी सगळ्यांना सांगितलेलं होतं, ते दारातच कळलं. माझ्याशी सगळे आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत होते. बँकेतल्या बाईंनी हात धरला आणि लगेच सोडला. सिनेमा सुरू झाला तेव्हा खोली जरा अवघडलेलीच होती. माकडावर थोडे हसले, डुलाला दोघंतिघंच ओरडले. लिफ्ट आली तेव्हा कुणाचा श्वासही ऐकू येईना. एकोणतीस माणसं पडद्याकडे न बघता मांडीकडे बघत होती. मी बघत होते. मख्ख पोर. इकडे तिकडे बघितलं. दार बंद झालं. खालचा ओठ निघाला, आणखी निघाला, इतका की त्यावर पेला ठेवता आला असता. नाकातून एक फुगा आला, फुटला, आणि त्या फुटण्यानं ती स्वतःच दचकली. मग भोंगा. नायक भिंतीला चिकटला, त्याच्या खिशातला खेळण्यातला बेडूक आपोआप किरकिरला. आरशाच्या कडेला हात आला. स्वेटर आवळलेला. मला आतून काहीतरी वर येताना कळलं, आणि मी ते दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून फुर्र करून बाहेर पडलं. मी हसले. मोठ्यांदा, खुर्चीवर पुढे वाकून, पोट धरून. एकोणतीस माना माझ्याकडे वळल्या. मास्तर उठून उभे राहिले होते, पाणी आणावं की काय या विचारात. मला थांबता येईना. पोर खरंच फार विनोदी होती. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी घाईघाईनं खिशातून रुमाल काढून माझ्यापुढे धरला.

"रडत नाहीये हो," मी कसंबसं म्हटलं, "हसतेय."

"बरं, बरं," ते म्हणाले, आणि रुमाल तसाच धरून ठेवला.